उसने तारुण्य

पुरुषाला आपले वार्धक्य प्रथम कोठे कळते? आरशात कळते असे म्हणतात. परंतु केस पिकणे ही गोष्ट माणूस पुष्कळ वर्षे हसण्यावारी नेऊ शकतो. आमच्या मते त्याला ते कळते पालखीच्या दांड्याखाली. जत्रेच्या रात्री देवाची पालखी प्रदक्षिणेला निघते. तीस-चाळीस वर्षे ज्या खांद्यावर तो दांडा विसावत आला, तोच खांदा एखाद्या वर्षी दुसऱ्याच फेरीला थरथरू लागतो; आणि मग माणूस शेजारी चालणाऱ्या मुलाकडे वळून हलक्या आवाजात म्हणतो, ‘आतां तूं दी खांदो.’ त्या चार शब्दांत थोडा पराभव असतो आणि बापाचा थोडा अभिमानही असतो. त्यावर कोणी काही बोलत नाही. याच सुमारास दुसरीही एक क्षीणता सुरू झालेली असते. तिच्याविषयी तर तो मुलाशीच काय, पत्नीशीही बोलत नाही.

या दोन्ही क्षीणतांवर एकच औषध आहे असे आज सांगितले जाते. पुरुषाच्या वृषणग्रंथींत तयार होणारा टेस्टोस्टेरोन नावाचा अंतःस्राव, ज्याला आजचे शास्त्रज्ञ संप्रेरक म्हणतात, तो आता सुईने किंवा त्वचेला लावावयाच्या जेलच्या रूपाने बाहेरून देता येतो. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला गेलेले बल आणि मंदावलेली कामेच्छा दोन्ही परत मिळतील, अशा जाहिराती आम्ही पाहतो. त्यामुळे एक जुना प्रश्न नव्या वेषात दारी उभा राहिला आहे. जे कालक्रमाने जात आहे ते परत मागण्याचा अधिकार माणसाला आहे काय? आणि असल्यास, त्याची किंमत कोणी द्यावयाची?

देवस्थानाच्या छायेत वाढलेल्या आमच्या वाचकांना हा विषय या पानांवर शोभणारा नाही असे कदाचित वाटेल. परंतु आमच्या पूर्वजांना तसे वाटले नव्हते. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हे एक स्वतंत्र अंग मानले आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ज्वराच्याही आधी, पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा आहे. तेथे संकोचाचा लवलेश नाही. मात्र एक अट आहे. वाजीकरणाची इच्छा करणाऱ्या पुरुषाला चरकाने ‘आत्मवान’ हे विशेषण लावले आहे. ज्याचा स्वतःवर ताबा आहे त्यानेच या औषधाच्या वाटेला जावे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. हे एक विशेषण आजच्या पुष्कळ जाहिरातींवर छापण्याजोगे आहे.

ययातीची कथा कोणाला ठाऊक नाही? परंतु आपल्याकडे पुनर्तारुण्याच्या कथा दोन आहेत, आणि त्या शेजारी ठेवून पाहिल्यावाचून परंपरेचे मत कळत नाही. पहिली च्यवनऋषींची. वृद्ध, जर्जर च्यवनाला तरुण सुकन्या दिली गेली. देवांचे वैद्य अश्विनीकुमार तेथे आले. त्यांनी च्यवनाला तारुण्य देऊ केले, पण प्रस्ताव मांडला तो सुकन्येपुढे, आणि तिने पतीला विचारून होकार दिला. त्या उपचारासाठी दुसऱ्या कोणाचे काही हिरावले गेले नाही. वैद्यांना यज्ञात सोमाचा भाग मिळाला, म्हणजे त्यांची दक्षिणाही चुकती झाली. या कथेला परंपरेने कधी दोष दिला नाही; उलट आजही थंडीच्या दिवसांत घरोघरी च्यवनाच्या नावाचा अवलेह चाटला जातो. दुसरी कथा ययातीची. शुक्राचार्यांच्या शापाने त्याला अकाली जरा आली, ती दुसऱ्याला देण्याची सवलत मिळाली, आणि त्याने आपल्या पाच मुलांपुढे हात पसरला. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू यांनी नकार दिला. धाकट्या पुरूने होकार दिला. तारुण्य मिळाले, सहस्र वर्षे भोगले, आणि शेवटी त्याने काय कबूल केले ते प्रवचनांतून आपण सर्वांनी ऐकले आहे.

तेव्हा तारुण्य परत मागणे हेच मुळी पाप, असे आपली परंपरा म्हणत नाही. ती च्यवन आणि ययाती यांच्यात भेद करते. आजचे औषध यांपैकी कोणत्या बाजूला बसते, हे ठरवावयाचे तर ते औषध प्रत्यक्ष काय करते हे आधी पाहिले पाहिजे. धर्मविचार करणाऱ्याने वस्तुस्थितीला बगल देणे हाही एक प्रकारचा आळसच होय.

इ. स. १८४९ मध्ये जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे बेर्टहोल्ट नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवर प्रयोग केले. वृषणे काढून घेतलेला कोंबडा तुरा गमावतो, आरवत नाही, झुंजत नाही, कोंबड्यांमागे धावत नाही. परंतु तीच ग्रंथी पोटात दुसऱ्या जागी बसविली की हे सर्व टिकून राहते. मज्जातंतूंचा संबंध तुटलेला असूनही हे घडते, तेव्हा ग्रंथीतून रक्तात काहीतरी मिसळत असले पाहिजे, असा तर्क त्याने केला. पुढे १८८९ मध्ये पॅरिसमधील ब्राउन-सेकार या विख्यात शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि विद्वानांच्या सभेत जाहीर केले की आपले बल परत आले आहे. जिना आपण आता जवळजवळ धावत चढतो, हाताची पकड यंत्राने मोजली तर वाढली आहे, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहता येते! युरोप-अमेरिकेत या अर्काची एकच झुंबड उडाली.

गंमत अशी की ब्राउन-सेकार खोटे बोलत नव्हता. पण त्याच्या अर्कात जवळजवळ काहीच नव्हते. टेस्टोस्टेरोन पाण्यात विरघळत नाही म्हटले तरी चालेल, आणि त्याचा अर्क पाण्यातला होता. जिना धावत चढला तो बहात्तर वर्षांच्या वृद्धाच्या आशेने. आम्हांला हा प्रसंग हास्यास्पद वाटत नाही. बलाची इच्छा ही स्वतःच काही काळ बल उत्पन्न करू शकते हे त्यात दिसते, आणि म्हणूनच या औषधाच्या बाबतीत ‘मला गुण आला’ या एका वाक्यावर कोणीही विसंबू नये. पुढे १९२०च्या दशकात वोरोनोफ नावाच्या शल्यवैद्याने श्रीमंत वृद्धांच्या शरीरात वानरांच्या ग्रंथींचे तुकडे बसविले. त्याविषयी अधिक न लिहिणेच बरे. खरा पदार्थ हाती आला तो १९३५ साली. ॲमस्टरडॅम येथे लाकरच्या प्रयोगशाळेत शंभर किलो बैलांच्या वृषणांतून अवघे दहा मिलिग्रॅम स्फटिक काढले गेले आणि त्यांना टेस्टोस्टेरोन हे नाव मिळाले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी हा पदार्थ कोलेस्टेरॉलपासून कृत्रिम रीतीने तयार केला, आणि १९३९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघांत विभागले गेले. ज्या औषधाची आज जाहिरात होते त्याचा जन्म असा झाला.

आता बलाकडे वळू. निरोगी तरुण पुरुषाला हे औषध मोठ्या मात्रेत दिले तर स्नायू वाढतात, यात शंका नाही. १९९६ साली अमेरिकेत भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे सामान्य भरपाईच्या सुमारे सहापट मात्रा दिली होती. औषध आणि व्यायाम दोन्ही ज्यांना मिळाले त्यांच्या शरीराचे चरबीविरहित वजन सुमारे सहा किलोंनी वाढले, आणि व्यायाम न करणाऱ्यांचेही स्नायू व बल काही अंशी वाढले. व्यायामाशिवाय बल वाढते हे वाचून तालमीतील वस्तादांनी कपाळाला हात लावला असता. परंतु वृद्धांची गोष्ट निराळी निघाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या साहाय्याने पासष्ट वर्षांवरील पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे पहिले निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तीसाठी ५१,०८५ पुरुषांची छाननी करून अवघे ७९० निवडले गेले. रक्तातील टेस्टोस्टेरोन दर डेसिलिटरला २७५ नॅनोग्रॅमहून कमी असलेलेच पुरुष हवे होते, आणि वय झाले म्हणून सर्वांचेच काही एवढे कमी होत नाही. निम्म्यांना वर्षभर जेल दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे निर्गुण जेल.

फळ काय मिळाले? कामेच्छा आणि तत्संबंधी क्रिया यांत मध्यम प्रमाणात सुधारणा झाली. चालण्याच्या शक्तीसाठी ज्यांना मुद्दाम निवडले होते, त्यांच्यात सहा मिनिटांत चालता येणारे अंतर पुरेसे वाढलेल्यांची संख्या निर्गुण जेलवाल्यांपेक्षा लक्षणीय रीतीने अधिक भरली नाही. थकवा मोजणाऱ्या मापावरही ठळक फरक दिसला नाही. मनाची उदासीनता मात्र किंचित उणावली. म्हणजे वृद्धाच्या खांद्याला पालखी परत देण्याचे वचन या औषधाने फारसे पाळले नाही. दुसरे वचन थोडे पाळले.

येथे तालमीच्या जुन्या समजुतीविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांला अवश्य वाटते. बेळगाव-कोल्हापूरच्या लाल मातीत वाढलेल्या पिढ्यांना असे शिकविले गेले की वीर्य राखले म्हणजे बल राहते. काम आणि बल हे एकाच कोठारातील धान्य, एकीकडे उधळले की दुसरीकडे तुटवडा. या समजुतीने संयम शिकविला, पण असंख्य किशोरांना स्वप्नावस्थेतील एखाद्या स्वाभाविक स्रावापायी भीतीने पोखरलेही आहे. शरीरशास्त्र सांगते की टेस्टोस्टेरोन थेट रक्तात जातो. तो वीर्यातून वाहून संपत नाही. ते कोठार मुळी अस्तित्वातच नाही. वस्तादांच्या शिस्तीत मात्र खरे तथ्य होते. लवकर निजणे, नेमाने अंग मोडणे, पोट सुटू न देणे या गोष्टींनी हा स्राव टिकतो. लठ्ठपणा आणि मधुमेह यांत तो उतरतो. २०११ साली शिकागो येथील एका छोट्या प्रयोगात तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचा दिवसा मोजलेला टेस्टोस्टेरोन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरला. मध्यरात्रीपर्यंत दुकानाचे हिशेब तपासणाऱ्या गृहस्थाने औषधाकडे वळण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक शोध आम्हांला फार विलक्षण वाटतो. २०१३ साली बॉस्टन येथील फिंकेलस्टीन आणि सहकाऱ्यांनी दाखविले की पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरोनचा काही अंश इस्ट्रॅडिऑल या स्त्रीसंप्रेरकात रूपांतरित होतो, आणि पुरुषाची कामेच्छा या दोहोंवर अवलंबून असते. स्नायू आणि बल यांना पुरुषसंप्रेरक पोसतो. परंतु रूपांतर थांबविले की पुरेसा टेस्टोस्टेरोन असतानाही इच्छा ओसरते आणि चरबी वाढते. ज्या वासनेला माणूस आपल्या पौरुषाची खूण समजतो, तिच्यात स्त्रीतत्त्वाचा वाटा आहे. अर्धनारीनटेश्वराची मूर्ती आपण इतक्या वर्षांपासून पूजीत आलो. तिचा एवढा शब्दशः अर्थ निघेल असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

एवढी वस्तुस्थिती पाहिल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्याच समाजातील एका वयोवृद्ध, सात्त्विक गृहस्थांशी या विषयावर बोलण्याचा प्रसंग आला असता ते म्हणाले, “काम विझत असेल तर विझू द्यावा. ती देवाची कृपा. वानप्रस्थाचे वय झाले असता पुन्हा आग पेटवावयाची कशाला?” त्यांच्या बोलण्यात ढोंग नव्हते, आणि त्यातील सत्यांश आम्ही नाकारीत नाही. प्रत्येक वयाला त्याचा धर्म असतो. परंतु या विधानात एक गृहीत दडलेले आहे आणि ते आम्हांला तपासून पाहावेसे वाटते. वासना नाहीशी होणे आणि वैराग्य प्राप्त होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय?

याचे उत्तर वैद्यकाने, नकळत का होईना, देऊन ठेवले आहे. १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखविले की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टेस्टोस्टेरोनवर पोसला जातो. या कार्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून आजपर्यंत असंख्य रुग्णांचा हा अंतःस्राव उपचार म्हणून जवळजवळ शून्यावर आणला गेला आहे. त्यांच्या बाबतीत काय होते? कामेच्छा जाते. त्याचबरोबर स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, अंगातून उष्णतेच्या लाटा निघतात, पुष्कळांचे मन खिन्न राहते. परंतु त्यांपैकी कोणी केवळ त्या कारणाने विरक्त झाल्याचे ऐकिवात नाही. जमिनीचा दावा सुरूच राहतो, भावावरचा राग तसाच राहतो, मानपानाचा हट्ट तसाच राहतो. षड्रिपूंतील पहिला तेवढा ग्रंथीच्या आधाराने राहतो. उरलेल्या पाचांना कोणत्याही ग्रंथीची गरज पडत नाही. उलट, त्याच रुग्णांत असे पतीही असतात की ज्यांची वासना गेली पण पत्नीविषयीची माया तसूभर कमी झाली नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाचे आश्रयस्थान म्हणून इंद्रिये, मन आणि बुद्धी अशी तिन्ही सांगितली आहेत. ग्रंथी पहिल्या पायरीवर बसते. तिच्या क्षीणतेने पहिली पायरी ओस पडली म्हणून वरच्या दोन मोकळ्या होत नाहीत. अशक्त देहात तृष्णा किती तीव्र असू शकते याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. यास्तव आम्ही असे म्हणतो की निवृत्ती ही एक गोष्ट आणि न्यूनता ही दुसरी. भीष्माचे ब्रह्मचर्य आपण वंदनीय मानतो ते त्याच्यापाशी सोडण्यासारखे काही होते म्हणून. जे आपल्यापाशी उरलेच नाही, ते सोडल्याचे श्रेय माणसाने घेऊ नये. आणि जे आजाराने गेले आहे, ते परत मिळविताना पाप केल्यासारखे लाजूही नये.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. पन्नाशीच्या आतच त्यांचा उत्साह मावळला, दाढी विरळ झाली, संसारातून मन उडाल्यासारखे झाले. घरच्यांनी त्यांना धार्मिक वृत्तीचे ठरविले. ते देवळात तासन्‌तास बसत, पण पुढे त्यांनीच आम्हांला सांगितले की त्या बसण्यात भक्ती नव्हती, उठण्याची शक्ती नव्हती. तपासाअंती मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूष ग्रंथीवर गाठ निघाली. गाठीवर उपचार झाले आणि टेस्टोस्टेरोनची भरपाई सुरू झाली. काही महिन्यांनी ते पुन्हा हसू-रागावू लागले. आणि देवळात येणे थांबले नाही, आता ते आरतीला उभे राहतात. अशांना, तसेच जन्मतःच वृषणे दुर्बळ असलेल्यांना, किंवा तारुण्यात गालगुंडाने ज्यांच्या वृषणांची कायमची हानी झाली त्यांना, हे औषध नाकारणे म्हणजे अंधत्वाला अंतर्मुखता म्हणण्यासारखे आहे.

परंतु अशी खरी न्यूनता किती जणांत असते? युरोपातील आठ केंद्रांत चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. लक्षणे आणि रक्तातील कमतरता ही दोन्ही एकत्र असली तरच वयोजन्य न्यूनता मानावयाची, असे ठरविल्यावर तिचे प्रमाण सुमारे दोन टक्के भरले. बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के? त्यांना वय झाले आहे, झोप कमी आहे, पोट मोठे आहे, किंवा तरुणपणीचे दिवस आठवतात. रक्ताची चाचणीसुद्धा सकाळी आणि वेगवेगळ्या दिवशी निदान दोनदा करावी असा नियम आहे, कारण हा स्राव सकाळी चढतो आणि सायंकाळी उतरतो. दुपारच्या एका चाचणीवर माणसाला रोगी ठरविणे म्हणजे ओहोटीच्या वेळी मांडवीकडे पाहून नदी आटली म्हणण्यासारखेच आहे.

औषधाचे धोके, कोणी म्हणतात तेवढे मोठे नाहीत, आणि कोणी म्हणतात तेवढे लहानही नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के आणि न घेणाऱ्यांत ७.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. मात्र हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे आणि मूत्रपिंडाला अकस्मात इजा, हे औषधवाल्यांत अधिक आढळले. पुढच्या वर्षी त्याच चाचणीतून हाडे मोडण्याचे प्रमाणही औषधवाल्यांतच अधिक निघाले, ज्या औषधाने हाडांची घनता वाढते असे पूर्वी दिसले होते त्याच औषधाने! खऱ्या न्यूनतेच्या रुग्णाने हे धोके वैद्याच्या देखरेखीखाली पत्करावेत हे योग्यच. पण ज्याला केवळ चाळिशी परत हवी आहे त्याने ते कशासाठी पत्करावयाचे?

याहून मोठा प्रश्न दुसऱ्यांचा आहे, आणि येथे आम्ही पुन्हा च्यवन-ययातीकडे येतो. पहिली दुसरी व्यक्ती म्हणजे पत्नी. पासष्टीचा पती वैद्याकडे जातो, सुई टोचून घेतो, आणि तिशीतली इच्छा घेऊन घरी येतो. घरी साठीची पत्नी आहे. तिचे गुडघे दुखतात, तिची ऋतुनिवृत्ती होऊन दहा-बारा वर्षे झाली, आणि जे चालले होते त्यात तिचे मन शांत झाले होते. कदाचित तिलाही आनंद होईल. कदाचित होणार नाही. परंतु तिला विचारले कोणी? देवांच्या वैद्यांनी सुकन्येला विचारले होते. आमच्याकडे ती बहुधा दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसलेली असते.

दुसरी व्यक्ती म्हणजे मूल. बाहेरून टेस्टोस्टेरोन मिळू लागला की मेंदूकडून वृषणांना जाणारी आज्ञा थांबते. वृषणे आकसतात आणि शुक्राणू बनविणे सोडून देतात. ही गोष्ट इतकी निश्चित आहे की तिच्यावर पुरुषांसाठी गर्भनिरोधक करता येईल काय याचे प्रयोग झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम सुईने घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पुरुष पूर्णतः शुक्राणुरहित झाले होते. औषध थांबविल्यावर निर्मिती बहुधा परत येते, पण तिला महिने लागतात. आणि ज्यांनी वर्षानुवर्षे भरमसाट मात्रा घेतल्या त्यांच्यात ती नेहमी पुरती परत येत नाही. आता आमच्या शहरांतील व्यायामशाळांकडे पाहा. पंचविशीचा तरुण दंड फुगविण्यासाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून हीच सुई टोचून घेतो, कोणताही वैद्य मध्ये नसतो. लग्नानंतर दोन वर्षे मूल होत नाही तेव्हा नवससायास सुरू होतात, सून देवळाच्या प्रदक्षिणा घालते, सासू तिच्याकडे पाहते. आणि कारण पुरुषाच्या दंडात असते. पौरुष दिसावे म्हणून पौरुषाचे मूळच गोठविलेले असते. ययातीने निदान जन्मलेल्या मुलाकडे मागितले होते, आणि मुलाला नाही म्हणण्याची मोकळीक होती. चौघे नाही म्हणाले. त्यांपैकी थोरल्या यदूला बापाचा शाप भोवला, पण श्रीकृष्ण जन्माला आले ते त्याच यदूच्या वंशात, हे आम्हांला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे.

आणि पुरूच्या वंशात काय झाले? त्याच कुळात पुढे शंतनू झाला. उतारवयात त्याचे मन सत्यवतीवर जडले. त्याने मुलाकडे काही मागितले नाही; तो केवळ खिन्न होऊन बसला. देवव्रताने ते ओळखले आणि आपले सारे तारुण्य आपण होऊन देऊन टाकले. एकाच घराण्यात बापाच्या इच्छेची किंमत मुलाने दोनदा चुकती केली, आणि दुसऱ्या वेळी ती कुरुक्षेत्रापर्यंत वाढत गेली. भीष्माच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक होतो. पण शंतनूविषयी एवढी कथने-कीर्तने ऐकूनही कोणी फारसे विचारीत नाही की त्या दिवशी तो मुलाला ‘नको’ का म्हणाला नाही. महाभारतात ययातीच्या भोगांचे वर्णन येते. त्या सहस्र वर्षांत पुरू कसा जगला, त्याचे गुडघे दुखत होते काय, त्याला रात्री झोप लागत होती काय, याविषयी मात्र व्यासांनी काही लिहिलेले नाही.

या औषधाच्या वेष्टणावर एक इशारा असतो, आणि तो छापण्याची सक्ती अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २००९ साली केली. घरातील पुरुषाने दंडाला किंवा खांद्याला लावलेले जेल त्याच्या अंगाला बिलगणाऱ्या लहान मुलांच्या त्वचेतून त्यांच्या शरीरात गेल्याची प्रकरणे नोंदली गेली होती. त्या अर्भकांत आणि बालकांत तारुण्याची चिन्हे अवेळी दिसू लागली होती, नको त्या ठिकाणी केस आले होते, हाडे वयापुढे धावू लागली होती. म्हणून ज्यांना वैद्याने हे औषध विचारपूर्वक दिले आहे, त्या आजोबांनी सकाळी ते लावल्यावर हात साबणाने धुवावेत, जागा सुकू द्यावी, वर सदरा घालावा, आणि मगच नातवाला खांद्यावर घ्यावे.